चेंडूच्या पुढे चार बोटं: ग्रीनकडे जाणारा फटका समजून घेताना

१३ एप्रिल २०२५. अमेरिकेतल्या ऑगस्टामधल्या मास्टर्स या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस, आणि आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. आघाडीवर असलेला रोरी मॅकिलरॉय तेराव्या होलवर शंभर यार्डांच्याही आतून वेज, म्हणजे जवळच्या अंतराची गोल्फची काठी, मारतो आणि चेंडू थेट ग्रीनलगतच्या ओढ्यात जातो. दोनच होलनंतर तोच माणूस सुमारे दोनशे यार्डांवरून, झाडांना वळसा घालून सेव्हन आयर्न मारतो आणि चेंडू झेंड्यापासून सहा फुटांवर थांबतो. पुढे प्लेऑफमध्ये जस्टिन रोजला हरवतानाही निर्णायक ठरला तो त्याचा वेजचा फटका, होलपासून चारेक फुटांवर थांबलेला.

टीव्हीवर पहिल्यांदाच गोल्फ बघणाऱ्याला प्रश्न पडतो की सव्वातीनशे यार्ड चेंडू मारणारा माणूस ऐंशी यार्डांवर कसा चुकतो? गोल्फ क्लबात दर रविवारी खेळणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, बरा बसतो, पटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवणं, तेही ठीक आहे, मग प्रत्येक होलला सहा-सात फटके का लागतात? दोन्ही प्रश्न एकाच फटक्यापाशी येऊन थांबतात. तो म्हणजे अप्रोच.

अप्रोच म्हणजे कोणता फटका

ज्या फटक्याने चेंडू ग्रीनवर पोचवायचा असतो तो अप्रोच. ग्रीन म्हणजे होलभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा भाग. पार-चारच्या, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा असं धरलेल्या होलवर हा बहुधा दुसरा फटका असतो. पार-तीनवर तो पहिलाच. तो साधारणपणे आयर्नने मारतात. आयर्न म्हणजे पातळ, तिरक्या लोखंडी पात्याचे, क्रमांक घातलेले क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या. क्रमांक वाढतो तसं पातं जास्त तिरकं होतं, चेंडू जास्त उंच उडतो आणि कमी लांब जातो. पात्याच्या या तिरकेपणाला लॉफ्ट म्हणतात. सर्वांत तिरके असतात ते वेज.

कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या लाखो फटक्यांची आकडेमोड केली. अव्वल खेळाडू बाकीच्यांपेक्षा जे फटके वाचवतात त्यांतले सुमारे ४० टक्के अप्रोचमध्ये वाचतात. ड्राइव्हचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास, आणि पटिंगचा त्याहून बराच कमी. ‘सगळा खेळ पटिंगचा’ हे क्लबात पिढ्यानपिढ्या ऐकवलं जाणारं वाक्य या हिशेबापुढे टिकत नाही.

आता अपेक्षेचाही हिशेब बघा. दीडशे यार्डांवरून टूरवरच्या व्यावसायिकाचा चेंडू होलपासून सरासरी पंचवीस फुटांच्या आसपास थांबतो. टीव्हीवर दिसतात ते निवडून दाखवलेले फटके. त्यामुळे दीडशे यार्डांवरून चेंडू ग्रीनवर कुठेही थांबला तर तो चांगलाच फटका झाला. वीस फूट लांब पडला म्हणून हळहळण्याचं कारण नाही.

झोक्याला एक तळ असतो

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. इथून पुढचं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

झोपाळ्याचा झोका एका ठिकाणी जमिनीच्या सर्वांत जवळ येतो आणि मग वर जातो. क्लबचा स्विंगही तसाच. त्या सर्वांत खालच्या जागेला इथे तळ म्हणू. आयर्नच्या चांगल्या फटक्यात हा तळ चेंडूच्या पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, तीन-चार इंचांवर असतो. सोप्या मापात सांगायचं तर चार बोटं. म्हणजे चेंडूला भिडताना क्लब अजून खाली येत असतो. तो आधी चेंडूला भेटतो, मग जमिनीला. चांगल्या खेळाडूचा आयर्न मारून झाल्यावर गवताचा जो तुकडा उडतो, म्हणजे डिव्हट, तो चेंडू होता त्या जागेच्या पुढून सुरू होतो. टूरवरचे खेळाडू सेव्हन आयर्नने सुमारे चार अंशांनी खाली उतरत मारतात. कुऱ्हाड घालावी तसा हा मार नाही. विमान धावपट्टीवर टेकतं तसा बारीक उतार आहे.

तळ चेंडूच्या मागे पडला तर दोनच गोष्टी होऊ शकतात. क्लब आधी जमिनीत घुसतो, चेंडू आणि पातं यांच्यामध्ये माती-गवत येतं आणि दीडशेचा फटका शंभरावर पडतो. हा फॅट. नाहीतर क्लब जमिनीवरून सरकून वर येऊ लागतो आणि त्याची खालची कड चेंडूच्या पोटावर बसते. चेंडू गुडघ्याएवढ्या उंचीने सुसाट जातो आणि ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात. हा थिन. डोक्यावर बसला तर टॉप. खेळाडूला या दोन वेगळ्या खोडी वाटतात आणि तो एकीवर इलाज करताना दुसरी ओढवून घेतो. फॅट बसला म्हणून पुढच्या वेळी अंग वर उचलतो आणि थिन मारतो. मूळ दोन्हींचं एकच आहे, मागे राहिलेला तळ.

तळ पुढे नेतं कोण? मुख्यतः शरीराचं वजन. इथे क्रिकेट खेळलेल्या माणसाला सोपं जातं. फ्रंट फूटवर ड्राइव्ह मारताना डोकं आणि छाती पुढच्या पायावर येतात. मागच्या पायावर राहून ड्राइव्ह केला की चेंडू हवेत उडतो. आयर्नचंही असंच आहे. चेंडूला भिडताना बहुतांश वजन डाव्या पायावर हवं, शर्टाची बटणं चेंडूच्या वर किंवा किंचित पुढे हवीत, आणि हातांची मूठ पात्याच्या थोडी पुढे. फटका संपल्यावर उजव्या पायाची टाच सहज उचलता आली पाहिजे. ती जमिनीला घट्ट चिकटलेली राहिली, तर वजन मागेच राहिलं.

चेंडू कुठे ठेवायचा यावरही बरंच अवलंबून असतं. नाइन आयर्न आणि वेजला दोन पावलांच्या मधोमध. सेव्हनला मध्यापासून एक चेंडूभर पुढे, फाइव्हला दोन चेंडूभर. ड्रायव्हरसारखा डाव्या टाचेसमोर ठेवून सेव्हन आयर्न मारणारे पुष्कळ दिसतात. त्यांचा स्विंग चांगला असूनही तळ चेंडूआधीच येऊन जातो.

‘पण चेंडू उचलायला नको का?’

हा आक्षेप नवशिक्याचा नसतो, पंधरा वर्षं खेळणाऱ्याचाही असतो. समोर बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, दिसला की मनगटं आपोआप चमच्यासारखी वर वळतात. चेंडू जमिनीवर, त्याला हवेत न्यायचं, मग खालून उचललाच पाहिजे, असं डोळ्यांना वाटतं.

उचलायचं काम लॉफ्ट करतो. पातं आणि चेंडू एकमेकांना सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच वेळ भिडलेले असतात. तेवढ्यात चेंडू दबतो, तिरक्या पात्यावरून किंचित वर सरकतो, उलटा फिरू लागतो आणि सुटतो. सेव्हन आयर्नचा चांगला फटका मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेतो. हे उलटं फिरणंच त्याला हवेत तोलून धरतं आणि ग्रीनवर पडल्यावर ब्रेक लावतं. मनगटाने उचलायला गेलात की तळ मागे सरकतो आणि चेंडू उलट खालीच राहतो. वर न्यायचा असेल तर खाली मारा. हे विचित्र वाटतं, पण पाच चेंडूंत पटतं.

मार कुठे बसला ते स्वतःच बघा

स्विंगचे व्हिडिओ बघण्याआधी दहा रुपयांचा खडू आणि व्हाइटबोर्डचं मार्कर घ्या.

सरावाच्या हिरवळीवर, जिथे डिव्हट काढायला परवानगी आहे अशा जागी, खडूच्या भुकटीने स्विंगच्या दिशेला आडवी अशी दोन-तीन फुटांची रेघ ओढा. चेंडू न ठेवता, रेघ हाच चेंडू समजून नाइन आयर्नने दहा स्विंग करा, दर वेळी रेघेवर थोडं पुढे सरकत. मग खाली वाकून बघा. गवत रेघेच्या लक्ष्याकडच्या बाजूला उडालं असेल तर ठीक. रेघेच्या मागे पहिला ओरखडा असेल तर तिथेच तुमचे फटके हरवतायत. डिव्हटची खोली भाकरीच्या जाडीएवढी पुरे. भाकरीचा पिठाचा गोळा मावेल एवढा खड्डा पडत असेल तर हातांनी जमिनीत खुपसणं चाललंय, वजन पुढे आलेलं नाही.

ड्रायव्हिंग रेंजच्या मॅटवर एक मोठी फसवणूक होते. मॅट घट्ट असते. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी सरकून चेंडूला लागतो आणि फटका बरा वाटतो. तोच स्विंग गवतावर फॅट होतो. म्हणून मॅटवर चेंडूच्या मागे चार-पाच इंच जागा सोडून घडी घातलेला पंचा ठेवा. पंच्याला क्लब लागला की आवाजच सांगतो.

मार्करचं काम पुढचं. चेंडूच्या मागच्या बाजूला ठळक टिपका काढा, टिपका पात्याकडे ठेवून मारा, आणि पात्यावर उमटलेला ठसा बघा. दहा चेंडूंचे दहा ठसे. सगळे टोकाकडे, म्हणजे क्लबच्या नाकाच्या बाजूला असतील तर तुम्ही फार लांब उभे आहात किंवा मारताना हात आखडताहेत. टाचेकडे, म्हणजे दांडा जोडलेल्या बाजूला असतील तर वजन पायांच्या बोटांवर कलंडतंय आणि तुम्ही चेंडूकडे ढकलले जाताय. त्याचंच टोक म्हणजे शँक. चेंडू दांड्याच्या सांध्याला लागून काटकोनात उजवीकडे निघतो. ठसे विखुरलेले असतील तर आधी वेग कमी करा. सत्तर टक्के जोराने मधोमध बसलेला सेव्हन आयर्न पूर्ण जोराने टोकाला बसलेल्या सेव्हनपेक्षा लांबही जातो आणि, महत्त्वाचं म्हणजे, दर वेळी तितकाच जातो.

नवे आयर्न घेतले की खेळ सुधारतो?

थोडा सुधारतो. पण दुकानात जे सांगतात त्या कारणाने नाही.

आयर्नचे ढोबळ दोन प्रकार. ब्लेड म्हणजे मागून भरीव, लहान, पातळ पातं. कॅव्हिटी बॅक म्हणजे मागून पोकळ, लोखंड कडेकडेने नेलेलं. हा विचार १९६०च्या दशकात पिंग कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने रुजवला. रिकामी परात दोन्ही हातांत धरा आणि तिच्या मध्यभागी दोन वाट्या ठेवून ती मनगटाने डावी-उजवी फिरवा. आता त्याच वाट्या दोन कडांना ठेवून फिरवा. दुसऱ्या वेळी परात फिरायला जड जाते. कडेला वजन नेलेलं पातंही असंच, मार टोकाला बसला तरी कमी पिरगळतं. त्यामुळे अंतर कमी घटतं आणि दिशा कमी बिघडते. अठराच्या वर हँडिकॅप असलेल्याने, म्हणजे राउंडला पारपेक्षा साधारण अठराहून जास्त फटके घेणाऱ्याने, ब्लेड वापरण्यात काही शौर्य नाही. फटके मात्र वाया जातात.

दुकानातली दुसरी गंमत लॉफ्टची. ‘हा सेव्हन आयर्न पंधरा यार्ड लांब जातो’ असं सांगितलं जातं आणि ते खरंही असतं. जुन्या पद्धतीच्या सेव्हनचा लॉफ्ट ३४ अंशांच्या आसपास असे. आजच्या लांब पल्ल्याच्या सेटमध्ये त्याच ‘७’ आकड्याखाली २८-२९ अंशांचं पातं मिळतं, म्हणजे जवळजवळ जुना फाइव्ह किंवा सिक्स. वजन खाली नेलेलं असल्याने चेंडू तरीही उंच उडतो, त्यामुळे ही सरळ लबाडी म्हणता येत नाही. पण तोटा सेटच्या दुसऱ्या टोकाला होतो. त्या सेटचा पिचिंग वेज ४३ अंशांचा असतो आणि तुमच्या पिशवीतला जुना सँड वेज ५६चा. दोन क्लबांमध्ये साधारण चार अंशांचं अंतर ठेवलं तर दहा-बारा यार्डांचा फरक पडतो. इथे तेरा अंशांची दरी आहे. पिचिंगने ११५ यार्ड आणि सँडने ८० जात असेल तर ९५ ते १०० यार्डांसाठी पिशवीत क्लबच नाही, आणि हेच अंतर खेळात वारंवार येतं. पिशवीत चौदा क्लबांची मर्यादा आहे. कधीच नीट न बसणारा थ्री किंवा फोर आयर्न काढून ४९-५० अंशांचा गॅप वेज घ्या. आयर्नवर खर्च करायचाच असेल तर पहिला हाच करावा.

लाय अँगलही तपासून घ्या. जमिनीशी दांडा किती उभा बसतो तो हा कोन. मारताना पात्याचं टोक वर राहत असेल तर पातं आपोआप डावीकडे बघतं आणि उत्तम स्विंगचा चेंडूही डावीकडे जातो. टाच वर राहिली तर उजवीकडे. घरी कळायची युक्ती अशी. चेंडूच्या मागे मार्करने उभी रेघ काढा आणि मारा. पात्यावर ती उभीच उमटली तर कोन जुळतो, तिरकी उमटली तर जुळत नाही. फोर्ज केलेले आयर्न यंत्रात धरून एक-दोन अंश वाकवून मिळतात. बरेच जण दुकानातून आणलेल्या सेटच्या या चुकीला अंग वळवून सांभाळून घेतात आणि स्वतःलाच दोष देत राहतात.

क्लब हातात घेण्याआधीचा हिशेब

हौशी खेळाडूचा अप्रोच कुठे पडतो हे कुठल्याही ग्रीनवर तासभर बसून बघा. डावी-उजवी चूक दिसेल, पण बहुतेक चेंडू आखूड पडलेले असतील. कारण साधं आहे. विचारलं की माणूस आपल्या आयुष्यातल्या सर्वांत छान सेव्हन आयर्नचं अंतर सांगतो. ते १५० असेल, पण दहांतले सहा-सात १३५ ते १४० जातात. आणि तो १५० आकडाही घरंगळत गेलेला धरून असतो. मोजायचं ते कॅरी, म्हणजे हवेतून पडेपर्यंतचं अंतर. बंकर आणि पाणी कॅरीनेच ओलांडावं लागतं.

एका संध्याकाळी प्रत्येक क्लबचे दहा चेंडू मारा, सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत आखूड दोन सोडून द्या, उरलेल्या सहांची सरासरी लिहा. रेंजचे चेंडू झिजलेले असले तर थोडे कमी जातात हे ध्यानात असू द्या. तो कागद पिशवीत ठेवा.

मग मैदानावर ग्रीनच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि मध्यावरच मारा. ग्रीन समोरून मागपर्यंत तीस यार्ड असेल तर झेंडा पुढे आहे की मागे यानेच तीन क्लबांचा फरक पडतो. ‘दीडशेचा खांब आहे, म्हणजे सेव्हन’ हा हिशेब तिथेच चुकतो. झेंडा बंकरच्या मागे लपवलेला असेल तर तो नाहीच असं समजा.

त्यात भर घाला वाऱ्याची. समोरून ताशी पंधरा किलोमीटरचा वारा १५० यार्डांतले सुमारे पंधरा यार्ड खातो. मागून तेवढाच वारा निम्मंच देतो. समोरच्या वाऱ्यात जोर लावू नका. जोराने चेंडू जास्त फिरतो आणि अजून वर चढून आखूड पडतो. दोन क्लब मोठा, म्हणजे सेव्हनऐवजी फाइव्ह, घ्या आणि सावकाश मारा. ग्रीन चढावर असेल तर जितके यार्ड उंची, तितके यार्ड वाढवा. उंचीवरच्या हवेचाही थोडा हिशेब असतो. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. तिथला फटका मुंबईपेक्षा साधारण दोन टक्के लांब जातो, म्हणजे दीडशेवर तीन यार्ड. चेंबूरच्या मैदानावर येऊन पुणेकराचा फटका आखूड पडला तर त्यातल्या तीन यार्डांचं खापर हवेवर फोडता येईल, बाकीच्या दहांचं नाही.

चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर तो डावीकडे जातो. ग्रिप खाली धरा, उजवीकडे नेम धरा. पायांपेक्षा खाली असेल तर उजवीकडे. चढावर खांदे चढाला समांतर ठेवा. चेंडू उंच आणि आखूड जाईल, एक क्लब मोठा घ्या. उतारावर याच्या उलट. कोरड्या, मध्यम रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, एक धोका असतो. पातं आणि चेंडू यांच्यात गवताच्या काड्या अडकतात, चेंडू कमी फिरतो, जास्त पळतो आणि ग्रीनवर थांबत नाही. याला फ्लायर म्हणतात.

ग्रीन चुकल्यावर

चुकणारच. २०२१च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदकापासून एका फटक्याने दूर. त्या मैदानात ड्राइव्हच्या अंतरात ती जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती. साहजिकच तिला ग्रीनकडे जाताना इतरांपेक्षा लांबचे क्लब घ्यावे लागत होते. ती तग धरून राहिली ती ग्रीनभोवतीच्या आणि ग्रीनवरच्या कामावर. ताकद नसलेल्याने खेळ सोडावा असं ज्यांना वाटतं त्यांनी ते चार दिवस आठवावेत.

ग्रीनच्या कडेवरून कमी हवेत आणि जास्त जमिनीवरून जाणारा छोटा फटका म्हणजे चिप. गवत बारीक कापलेलं असेल आणि मध्ये काही आडवं नसेल तर आधी पटरच घ्यावा. सर्वसाधारण खेळाडूचा वाईट पट त्याच्या बऱ्या चिपच्या आसपासच थांबतो.

पटर चालत नसेल तर बाराचा नियम वापरा. चेंडू ग्रीनवर एका पावलावर पडेल अशी जागा निवडा. चेंडूपासून तिथपर्यंतचं अंतर हा एक भाग. तिथून होलपर्यंत असे किती भाग आहेत ते पावलांनी मोजा. तो आकडा बारातून वजा केला की क्लब मिळतो. पडायची जागा तीन पावलांवर आणि तिथून होल नऊ पावलं, म्हणजे तीन भाग, म्हणजे नाइन आयर्न. होल सहा पावलं असेल तर दोन भाग, दहा, म्हणजे पिचिंग वेज. पंधरा पावलं असेल तर पाच भाग, सेव्हन. हे सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी. चढ असेल तर एक क्लब कमी लॉफ्टचा, उतार असेल तर जास्त लॉफ्टचा. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताला एक कल असतो. गवत चकाकताना दिसलं तर पात्या तुमच्यापासून पुढे झुकल्यात, चेंडू जास्त पळेल. काळपट दिसलं तर समोरून येतायत, अडवतील.

चिपसाठी पावलं एकमेकांजवळ, वजन सुरुवातीपासूनच डाव्या पायावर साठ-सत्तर टक्के, चेंडू मधोमध किंवा किंचित मागे, मूठ जरा पुढे. वजन तिथेच राहू द्यायचं आणि पटसारखं खांद्यांनी झुलवायचं. म्हणजे तळ आपोआप चेंडूच्या पुढे राहतो. तेच चार बोटांचं गणित, लहान आकारात.

वजन पुढे असूनही क्लब रुतत असेल तर मूठ फार पुढे ढकलली जात आहे. वेजच्या पात्याच्या खालच्या बाजूला एक फुगवटा असतो, त्याला बाउन्स म्हणतात. पिठाच्या डब्यात सुरीची धार टेकवली की रुतते, चमच्याची पाठ टेकवली की सरकते. बाउन्स म्हणजे ती चमच्याची पाठ. मूठ जास्त पुढे गेली की पाठ उचलली जाते आणि धार जमिनीत जाते. कडक, उघड्या जमिनीवर चार ते सहा अंशांचा कमी बाउन्स बरा. मऊ गवत आणि वाळूसाठी दहा ते चौदा अंशांचा.

साठ अंशांचा लॉब वेज सगळ्यांनाच हवासा वाटतो. बंकरपलीकडे लगेच झेंडा असेल तर तो लागतोही. पण त्याच्या लॉफ्टमुळे मोठा स्विंग करूनही चेंडू थोडाच जातो, आणि मोठ्या स्विंगमध्ये तळ हलायला जास्त वाव असतो. दहांतल्या नऊ चिपना तो लागत नाही.

ऐंशी यार्डांचं अर्धवट अंतर

पूर्ण स्विंगपेक्षा कमी, चिपपेक्षा जास्त, तो पिच. ‘थोडं हळू मारू’ म्हणून मोठा बॅकस्विंग घ्यायचा आणि चेंडूपाशी येऊन दचकून वेग मारायचा, ही इथली नेहमीची चूक. वेग मेला की शरीर थांबतं, मनगटं पुढे पळतात आणि तळ मागे पडतो.

त्यावर घड्याळाचा उपाय आहे. समोर उभ्या माणसाला तुमचा डावा हात घड्याळाच्या काट्यासारखा दिसतो असं धरा. बॅकस्विंगला तो साडेसात, नऊ आणि साडेदहा अशा तीनच जागी थांबवायचा सराव करा. लय तिन्हींची सारखी, आणि पुढचा झोका मागच्याएवढा तरी लांब. सँड वेजने हे तीन फटके समजा ३५, ५५ आणि ७० यार्ड गेले. तेच पिचिंग आणि गॅप वेजने मोजा. तीन वेज, तीन झोके, म्हणजे नऊ ठरलेली अंतरं कागदावर आली. मग चौसष्ट यार्डांवर उभं राहून जोर किती लावू असा विचार करायचं कारण राहत नाही. कागद बघायचा, जवळचा आकडा निवडायचा आणि हात तिथपर्यंत न्यायचा.

बंकर: जिथे तळ मागेच हवा

आतापर्यंत जे सांगितलं त्याला एकच अपवाद. ग्रीनलगतच्या बंकरमध्ये क्लब चेंडूला लावायचाच नाही. चेंडूच्या दोन इंच मागे वाळूत शिरायचं आणि वाळूच्या गादीवर बसवून चेंडू बाहेर काढायचा. आधी पातं उघडायचं, म्हणजे उजवीकडे वळवायचं, आणि त्यानंतर ग्रिप धरायची. आधी ग्रिप धरून मनगटाने उघडलेलं पातं मारताना पुन्हा मिटतं. चेंडू डाव्या टाचेसमोर, पाय वाळूत एक-दोन इंच रुतवलेले, आणि तेवढाच ग्रिप खाली. फटक्याआधी चेंडूच्या पुढेमागे वाळूला क्लब टेकवायला नियमात मनाई आहे, म्हणून तो वर तरंगता धरायचा. जोर तिप्पट वाटेल एवढा लावायचा, कारण हलवायची असते वाळू. चेंडू तिच्याबरोबर येतो. नवखे इथे घाबरून थांबतात, क्लब वाळूत अडकतो आणि चेंडू तिथेच राहतो.

चेंडू वाळूत अर्धा गाडला गेला असेल तर पातं उघडायचं नाही. सरळ ठेवून खोल उतरायचं. बाहेर आल्यावर चेंडू पळेल, त्याला जागा ठेवायची. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे वाळू भिजून घट्ट बसते. तेव्हा जास्त बाउन्सचा उघडा वेज वाळूवर आपटून उसळतो आणि धार थेट चेंडूत शिरते. भिजलेल्या वाळूत पातं कमी उघडा, दोनऐवजी एका इंचावर शिरा, आणि सँडऐवजी कमी बाउन्सचा क्लब असेल तर तो घ्या. फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे, तेही तेव्हा ओले असतात. तळ अर्धा इंच मागे पडला तरी उन्हाळ्यात चालून गेलेला फटका आता चिखलात संपतो. म्हणून खडूच्या रेघेचा सराव पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा करावा.

पुढच्या पाच राउंडमध्ये स्कोअरकार्डवर प्रत्येक अप्रोचपुढे दोनच अक्षरं लिहा. आखूड असेल तर आ, लांब असेल तर ला, आणि त्यापुढे डा किंवा उ. ग्रीन मिळालं तर बरोबरची खूण. अठरा होलच्या पाच राउंडमध्ये नव्वदच्या आसपास नोंदी होतात. निम्म्याहून जास्त ‘आ’ असतील तर महिनाभर प्रत्येक अप्रोचला एक क्लब मोठा घ्या आणि स्विंगमध्ये काहीच बदलू नका. ‘आ’ आणि ‘ला’ मिसळलेले असतील तर पंचा आणि खडू घेऊन तळावर काम करा. अंतर बरोबर येऊन सगळे ‘डा’ असतील तर चेंडूवर उभी रेघ काढून लाय अँगल तपासा. शिकवणी लावायची असेल तर हे कार्ड प्रशिक्षकाच्या हातात द्या. पहिला तास तुमची नेमकी चूक शोधण्यात जाणार नाही.